दारातलं झाड कुणाचं, मालकाचं की भाडेकरूचं? वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी पत्रं येतात ती कुठली रोपं लावू या प्रश्नाची, यंदा सांगली-साताऱ्याकडून आलेली बहुतेक पत्रं मात्र भाड्याने दिलेल्या घरांची, बंगल्यांची, बिल्डिंगांची आहेत. मालक पुण्याला नाहीतर परदेशात, भाडेकरू अकरा महिन्यांचा, माळी महिन्यातून दोनदा येणार, आणि झाड मात्र तिथंच चाळीस-पन्नास वर्षं उभं. अशा जागेतली झाडं रोगाने कमी मरतात, ती बघायचं काम आपलं आहे असं कुणालाच वाटत नाही म्हणून जास्त मरतात. त्यामुळं यावेळी प्रश्न कमी घेतलेत आणि उत्तरं जरा सविस्तर देतेय.

प्रश्न: नमस्कार ताई, विश्रामबागेत आमची तीन मजली बिल्डिंग आहे, सगळे फ्लॅट कॉलेजच्या पोरांना आणि नोकरदारांना भाड्याने दिलेत. अंगणात जुना कडुनिंब आहे, वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हाही तो होता. चार वर्षांपूर्वी पार्किंगसाठी सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकून घेतले. आता शेंडा वाळायला लागलाय, खाली काड्या पडतात, फेब्रुवारीत तर पानांचा नुसता खच, गाड्या खराब होतात म्हणून भाडेकरूंची कटकट चालू असते. आमची तासगावला द्राक्षबाग आहे, एप्रिलमध्ये छाटणीची टोळी येतेच, त्यांच्याकडूनच वरून निम्मं झाड उतरवून घ्यावं असं चाललंय, परत फुटेलच ना? का मुळापासूनच काढावं?
(एक घरमालक, सांगली)

उत्तर: दादा, टोळीला आधी फोन करून नको म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी मानवते कारण तो वेल मांडवावर चढवलाच मुळी वर्षातनं दोनदा छाटायचा म्हणून, आणि छाटणीनंतर त्याला खत-पाणी-औषध सगळं वेळच्या वेळी मिळतं. कडुनिंबाचं तसं नाही. त्याचा निम्मा पसारा एकदम उतरवला तर फुटेल, नक्की फुटेल, पण त्या फुटी जुन्या लाकडात आतवर धरलेल्या नसतात, सालीजवळून निघालेल्या असतात, दोन-चार वर्षांत त्या मनगटाएवढ्या होतात आणि वळवाच्या वाऱ्यात नेमक्या तिथूनच सटकतात. खाली गाड्या असणार, पोरंही असणार. वर आणि एवढी मोठी कापलेली जागा उघडी राहिली की पाणी मुरून आतलं लाकूड कुजायला लागतं. म्हणजे भीती वाटते म्हणून शेंडा उडवायचा आणि त्यानेच झाड खरोखर धोक्याचं करून ठेवायचं.

आता शेंडा का वाळतोय ते बघू, कारण तुमच्या पत्रातच त्याचं उत्तर आहे. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेरपर्यंत गेलेली असतात. पेव्हर टाकताना आधी माती खरवडतात, मग मुरूम आणि कच टाकून रोलर फिरवतात, म्हणजे मुळं एकदा तुटतात, मग दाबली जातात आणि मग त्यांना हवा मिळायची बंद होते. हे लगेच दिसत नाही. दोन-चार वर्षांनी दिसतं, आणि शेंड्याला आधी दिसतं कारण पाणी पोचवायला सगळ्यात लांबची जागा तीच. तुमच्या चार वर्षांचा हिशेब अगदी बरोबर जुळतोय.

दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये सांगितलं होतं की बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा. एवढ्या जुन्या झाडाला तेवढंही कमीच आहे, तुम्ही निदान दीड-दोन मीटरपर्यंतचे ब्लॉक उचला. हाताने उचला, जेसीबी अंगणात आणू नका, तो जे वाचलंय तेही तोडेल. खालचा मुरूम खोऱ्याने काढा, मग पहारीने जागोजागी हातभर खोल भोकं पाडून त्यात कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत भरा, मोठी मुळं लागली तर पहार बाजूला घ्या. वर कडुनिंबाचाच पालापाचोळा तीन-चार इंच पसरा पण बुंध्याला टेकवू नका, वीतभर जागा सोडा, बुंध्याला सतत ओल राहिली की साल कुजते. पाणी मार्च ते मे आठ-दहा दिवसांनी एकदा, नळी बारीक सोडून तास-दोन तास. आपल्याकडच्या काळ्या मातीत रोज बादलीभर पाणी ओतलं तर फक्त वरचा थर ओला होतो आणि खाली तीच माती तडकून मुळं तोडत असते. या सगळ्यात एका गाडीची जागा जाईल, ती जाऊ द्या, बाकीच्या गाड्यांना मे महिन्यात सावली त्याच झाडाची आहे.

फेब्रुवारी-मार्चची पानगळ हा रोग नाही. गुढीपाडव्याला जी तांबूस कोवळी पालवी आपण खातो ती येण्याआधी जुनी पानं जाणारच. भाडेकरूंना हे नीट सांगा, आणि पानं उचलून तिथल्या तिथं आळ्यात टाकायला जागा करून द्या, निम्मी कटकट तिथंच संपते.

वाळलेल्या फांद्या मात्र पावसाआधी काढायलाच हव्यात. काम दोर लावून चढणाऱ्या माणसाला द्या आणि खाली उभं राहून बघा. जाड फांदी एका घावात कापायची नसते. आधी बुंध्यापासून हात-दीड हात लांब, खालच्या अंगाने पाव भागापर्यंत काप घ्यायचा, मग त्याच्या थोडं पुढं वरून कापायचं, फांदी तिथं मोडून पडते आणि साल सोलून खाली येत नाही. राहिलेला खुंट तिसऱ्या कापाला काढायचा. फांदी जिथं खोडाला भेटते तिथं फुगीर वळी असते बघा, बोटाने चाचपली तर कळते, त्या वळीच्या अगदी बाहेरून काप यायला हवा. वळी शाबूत राहिली की तिथून नवीन साल येऊन जखम झाकत जाते, खोडाला घासून सपाट कापलं की ती जागा कधीच नीट भरत नाही. वरून डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका. लावायचंच असेल तर बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. तुमच्या बागेत मोरचूद असणारच. हिरव्या फांद्या एका वर्षात पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका.

झाड खरंच धोक्याचं आहे का हे बघायचं असेल तर तीन गोष्टी बघा. बुंध्याशी कुत्र्याची छत्री उगवलीय का, लाकडी हातोडीने ठोकलं तर पोकळ आवाज येतो का, आणि झाड एका बाजूला कललं असेल तर उलट्या बाजूची माती उचलली किंवा भेगाळली आहे का. तिसरी खूण दिसली तर वाट बघू नका, खालच्या गाड्या आणि माणसं त्याच दिवशी हलवा.

आणि मुळापासून काढायचं म्हणाल तर जागा खासगी असली तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, महाराष्ट्राचा १९७५चा नागरी भागातल्या झाडांचा कायदा आहे. त्यात झाड तोडणे याचा अर्थ फक्त बुंध्यातून कापणे असा नाही, जाळणे किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणेही त्यातच येतं, म्हणून मोठ्या छाटणीआधीसुद्धा उद्यान विभागात अर्ज द्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरतात, वडिलांच्या आधीपासूनचं म्हणता तर तुमचं त्यात बसायची दाट शक्यता आहे. परवानगी मिळालीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावून ती सात वर्षं जगवून दाखवायची असतात. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत सांगते, हे झाड काढू नका. पेव्हर काढून निदान दोन पावसाळे द्या त्याला.

प्रश्न: ताई, आम्ही साताऱ्यात गोडोलीला भाड्याने राहतो. मालकीणबाईंना विचारूनच मागच्या मोकळ्या जागेत कढीपत्ता, पारिजातक आणि केशर आंब्याचं एक कलम लावलं, आंबा आता तिसऱ्या वर्षात आहे. मिस्टरांची कराडला बदली झाली, घर सोडायचंय. मालकीणबाई म्हणतात जमिनीत लावलं ते आमचं, मिस्टर म्हणतात पैसे आपण घातलेत उपटून नेऊ, मला तर दोघांचंही पटत नाही, कायदा काय म्हणतो आणि आंबा उपटला तर जगेल का?
(एक भाडेकरू, सातारा)

उत्तर: कायद्याचं आधी सांगते म्हणजे घरातला वाद मिटेल. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे भाडेपट्ट्याने राहणारा माणूस स्वतः जमिनीत बसवलेल्या गोष्टी जागा सोडायच्या आधी काढून नेऊ शकतो, पण जागा मिळाली तशी परत करून. आता आपल्याकडं बहुतेक करार लीव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीचे असतात, तो भाडेपट्टा नसतो, त्यामुळं तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. त्यात झाडांचं काहीच लिहिलेलं नसणार, कारण आपल्याकडं पंखे किती, ट्यूब किती, गीझर चालू आहे का हे सगळं करारात येतं आणि अंगणातलं झाड येत नाही. करार लेखी करून रजिस्टर करणं ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, तर कराडला नवीन घर घ्याल तेव्हा झाडांच्या दोन ओळी आधीच घालून घ्या.

आता जगण्याचं. आंबा उपटू नका. तीन वर्षांचं कलम जमिनीत असेल तर त्याचं सोटमूळ बरंच खाली गेलेलं असतं, घरच्या घरी कुदळीने काढताना ते तुटतंच, आणि असं कलम नवीन जागी नेलं तर बहुतेक वेळा उन्हाळा काढत नाही. तुमचा आंबा जाईल आणि मालकीणबाईंच्या अंगणात खड्डा राहील. कढीपत्त्याला मात्र बुंध्याजवळ मुळातून पिल्लं फुटलेली असतील, पावसाने माती मऊ झाली की मुळासकट दोन पिल्लं मातीच्या गोळ्यासह काढून कुंडीत लावा. पारिजातकाची पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी पावसाळ्यात लावली तर धरते, नाहीतर चपट्या बिया गोळा करा, त्याही उगवतात. नेण्यासारखं एवढंच आहे आणि ते न्यायला मालकीणबाई नाही म्हणणार नाहीत.

आंब्यासाठी त्यांच्याशी बोला हो. भांडून नाही. कलमाचे पैसे मागण्यात गैर काही नाही, पण मी असते तर पैशांऐवजी नवीन भाडेकरूला त्या झाडाची माहिती द्यायचं कबूल करून घेतलं असतं. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे काढत जायचे कारण ते गावठी असतात, झाड लहान आहे तोवर अजून एक-दोन वर्षं मोहोर आला तर खुडायचा, आणि आठवड्याला एकदा भरपूर पाणी. एवढं एका कागदावर लिहून मागच्या दाराला लावून जा. आणि पुढच्या घरी जे कायम न्यायचं आहे ते मोठ्या कुंडीत, जे त्या जागेला द्यायचं आहे ते जमिनीत, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

प्रश्न: मॅडम, मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला तीन बंगले सांभाळतो, मालक दोन पुण्याला एक दुबईला, बंगले कंपन्यांच्या ऑफिसर लोकांना भाड्याने देतो. पुढं हजारेक स्क्वेअर फूट लॉन आहे, एप्रिल-मेमध्ये त्यालाच टँकर लागतो, मालक म्हणतात लॉन पाहिजे भाडं त्याच्यावर मिळतं. कंपाउंडला नर्सरीवाल्याने कोनोकार्पस लावून दिलाय, जोरात वाढलाय. आता दुबईच्या मालकांना कासच्या पठारावरची फुलं बंगल्यापुढं पाहिजेत, कुठून आणायची? आणि भाडेकरू बदलला की मधल्या दोन महिन्यांत निम्मी झाडं मरतात त्याला काय करायचं?
(बंगल्यांची देखभाल बघणारा, सातारा)

उत्तर: भाऊ, तुम्ही एका पत्रात चार प्रश्न विचारलेत पण ते सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबतात, ते म्हणजे त्या जागेची माती आणि पाणी. डोंगराच्या पायथ्याची जमीन मुरमाड, वर मातीचा थर पातळ, पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जातं आणि फेब्रुवारीपासून ठणठणाट. तिथं लॉन म्हणजे वर्षातले सहा महिने मुरमात पाणी ओतणं.

मालकांना हिशेब दाखवा, नुसतं पर्यावरण म्हणून सांगू नका. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला एका चौरस मीटरला पाचेक लिटर पाणी धरा. हजार स्क्वेअर फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे रोजचे साडेचारशे-पाचशे लिटर, पाच हजार लिटरचा टँकर दहा-अकरा दिवसांत संपला. टँकरचा तुमच्याकडचा दर लावून मार्च ते मे जो आकडा येईल तो त्यांच्यापुढं ठेवा. उलट बाजूने हेही दाखवा की हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ९,३०० लिटर पाणी पडतं, त्यातलं ऐंशी टक्के जरी धरलं तरी सात हजारांच्या वर, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात १०० मिलिमीटर ही काही मोठी गोष्ट नाही. गच्चीचे पाइप आज गटारात जात असतील तर ते उताराच्या वरच्या अंगाला खड्डा घेऊन त्यात सोडा, खाली मोठी दगडं, मग खडी, मग वाळू, खड्डा घराच्या पायापासून निदान तीन-चार मीटर लांब. त्यातनं मुरलेलं पाणी खालच्या झाडांच्या मुळाशी जातं.

लॉन सगळं काढा असं मी म्हणत नाही, पोरांना खेळायला दीडशे-दोनशे फुटांचा तुकडा ठेवा आणि तोही आपल्या हरळीचा, ती उन्हाळ्यात पिवळी पडते पण मरत नाही, पहिल्या पावसात परत हिरवी. बाकीच्या जागेत जलपिंपळी पसरवा, जमिनीलगत राहते, बारीक फुलं येतात, पाणी लॉनपेक्षा बरंच कमी लागतं. उताराच्या कडेला वाळा लावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात, तुमच्या उतारावर दगडी बांधाच्या जोडीला तोच पाहिजे. झाडं म्हणाल तर ताम्हण, बहावा, कांचन, बकुळ, ही आकाराने आटोक्यात राहतात. ताम्हण आपलं राज्यफूल आहे, मे महिन्यात जांभळं फुललं की भाडं वाढवायला मालकाला वेगळं काही सांगावं लागत नाही. खड्डे आत्ताच घेऊन ठेवा, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, मुरूम जास्त असेल तर तीन फुटांचे, ऊन खाऊ द्या, मग बाहेरची चांगली माती आणि शेणखत भरा, दोन चांगले पाऊस झाले की लावा.

कोनोकार्पस काढाच. जोरात वाढतो हेच त्याचं कौतुक आणि हाच त्याचा त्रास, मुळं पाइपलाइन आणि गटारात शिरतात, परागकणांनी दम्याच्या माणसांना त्रास होतो म्हणून तक्रारी आहेत, गुजरात सरकारने तर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्या पाखरांना त्याचा काही उपयोग नाही. एकदम उघडं पडायला नको असेल तर एकाआड एक काढा, मधे अडुळसा, निर्गुडी, मेंदी लावा, दोन पावसाळ्यांत आडोसा तयार होतो. शेळी-जनावरं अडुळशाला तोंड लावत नाहीत हा तिसऱ्या बंगल्याला फायदाच, तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या फोटोत त्याच्या मागं कुरण दिसतंय. काढायच्या आधी नगरपालिकेत एक अर्ज टाका, ही झाडं आता रोपं राहिलेली नाहीत.

कासच्या फुलांचं मात्र स्पष्ट नाही म्हणून कळवा. ती फुलं जांभ्याच्या कातळावर बोटभर-वीतभर मातीत येतात, चार महिने सतत ओल आणि मग कडक कोरडं, हे बंगल्याच्या वाफ्यात करता येत नाही. काढून आणलेलं रोप मरणार आणि पठारावरून मात्र कायमचं गेलेलं असणार. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाट जागतिक वारशात घेतला त्यात कास आहे, तिथली काडीसुद्धा उचलायची नाही. मालकांना पावसाळी रंगच हवा असेल तर बागेतल्या तेरड्याचं बी नर्सरीत मिळतं, जूनमध्ये फेकलं की गौरीला फुललेला असतो, पुढच्या वर्षी आपसूक उगवतो.

राहिला मधल्या दोन महिन्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. लहान झाडं उन्हाने नाही मरत, पाणी घालणारा बदलतो म्हणून मरतात. दोन गोष्टी करा. एक, प्रत्येक रोपाच्या आळ्यात बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून झाकण ठेवा, ते आठवडाभर पाझरत राहतं, आणि आळ्यावर उसाचं पाचट टाका, साताऱ्यात पाचटाला तोटा नाही, शेतकरी जाळून टाकतात. दोन, करारात हे घाला, असंच लिहिलंत तरी चालेल:

"अंगणातील झाडे मालकाची आहेत. छाटणी, धोकादायक फांद्या काढणे व त्यासाठी लागणारी परवानगी मालक किंवा त्यांचा प्रतिनिधी घेईल. भाडेकरू झाडांना ठरलेल्या दिवशी पाणी देईल, आळ्यावर गाडी लावणार नाही, फरशी किंवा कोबा करणार नाही, खोडाला खिळे मारणार नाही व फांदी वाळलेली किंवा तडकलेली दिसल्यास फोटोसह कळवेल. घर रिकामे असताना पाण्याची जबाबदारी मालकाची."

शेवटचं वाक्य मालकांना आवडणार नाही पण ते काढू देऊ नका. घर देताना भिंतींचे फोटो काढता ना, तसा प्रत्येक झाडाचा एक फोटो करारासोबत जोडा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. पाणी घालायला येणाऱ्या माणसाचा पगार भाडेकरूवर ठेवू नका, तो बदलत राहतो. मालकाकडून वर्षाचा घ्या.

प्रश्न: सांगलीत गावभागात जुनं घर आहे, खालचा मजला भाड्याने दिलाय, मागं छोटी परसबाग होती. २०१९ला सगळं पाण्यात, परत लावलं तर २०२१ला परत पाणी. पपई, शेवगा, गुलाब सगळं गेलं, एक करंज तेवढा उभा आहे. आता भाडेकरू म्हणतो काकू कोबा करून टाका, धुवायला सोपं. करू का?
(एक वाचक काकू, सांगली)

उत्तर: काकू, कोबा करू नका. २०१९ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, तेव्हा तुमचं अंगण बुडणार की नाही हे कोब्यावर अवलंबून नाही. पण पाणी उतरल्यावर अंगण किती दिवसांत वाळतं हे मात्र मातीवर आहे. कोबा केला की साधा पाऊसही भिंतीशी साचतो आणि तो करंजही जाईल.

तुमच्या अंगणाने काय जगतं ते दाखवूनच दिलंय. पपई आणि शेवग्याची मुळं दोन-तीन दिवस पाण्यात राहिली की कुजतात, ती गावभागात जमिनीत लावायचीच नाहीत, खायला हवी असतील तर माडीवर मोठ्या ड्रममध्ये. करंज, ताम्हण, जांभूळ, अर्जुन ही नदीकाठची झाडं, यांना चार-आठ दिवसांचं पाणी सोसतं. पण जांभूळ-अर्जुन फार मोठे होतात आणि काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, जुन्या घराच्या पायाला ते बरं नाही, म्हणून तुमच्या परसाला एक ताम्हण पुरे, भिंतीपासून चार-पाच मीटर जागा असेल तरच. गुलाब, मोगरा, तुळस उचलता येतील अशा कुंड्यांत ठेवा आणि नदी चाळीस फुटांकडं चालली अशी बातमी आली की आधी त्या जिन्यावर चढवा.

पूर ओसरल्यावर झाडाचं पहिलं काम म्हणजे बुंध्याशी बसलेला गाळ काढणं. लोक म्हणतात गाळ सुपीक असतो, राहू दे. शेतात ठीक आहे हो, पण उभ्या झाडाच्या मुळांवर अर्धा फूट चिकट गाळ बसला की हवा बंद. खोड जिथं जमिनीत शिरताना रुंद होतं तो भाग उघडा दिसेपर्यंत गाळ हाताने ओढा. माती ओली असताना त्यावर चालू नका, खत लगेच घालू नका, नवीन पालवी दिसली की मगच. पानगळ झाली म्हणून झाड मेलं असं समजून तोडायला जाऊ नका, नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे.

प्रश्न: आमच्या अपार्टमेंटचा वॉचमन रोज सकाळी पाला गोळा करून झाडाच्या बुंध्याशीच पेटवतो, सांगून ऐकत नाही.
(मिरज)

उत्तर: उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, आणि बुंध्याशी जाळणं म्हणजे झाडाची साल भाजणं, सालीखालूनच अन्न मुळाकडं जातं. पण वॉचमनला रागावून उपयोग नाही, त्याला पाला टाकायला जागाच दिलेली नाही. कोपऱ्यात चार बाय चार फुटांचा जाळीचा हौद करून द्या, पाला टाकायचा, पाणी शिंपडायचं, मधेमधे शेणाची स्लरी, पावसाळा गेला की काळं भुसभुशीत खत तयार. ते खत विकून येणारे पैसे त्यालाच द्या.

प्रश्न: मालकाच्या गुलमोहराची फांदी माझ्या गाडीवर पडली, दोनदा सांगितलं होतं तरी कापली नाही. भरपाई कोण देणार?
(शाहूपुरी, सातारा)

उत्तर: गाडीचा विमा काँप्रिहेन्सिव्ह असेल तर आधी तिथं क्लेम करा, फांदी पडून झालेलं नुकसान त्यात सहसा येतं, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. मालकाकडं मागायचं तर तुम्ही आधी सांगितलं होतं याचा पुरावा लागेल, तोंडी सांगणं उपयोगाचं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह पाठवलेला मेसेज असेल तर जपून ठेवा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळंही वरवर, त्यामुळं तो पार्किंगशेजारी असेल तर दरवर्षी मे महिन्यात वाळक्या फांद्या काढाव्याच लागतात. आणि जवळून विजेची तार जात असेल तर माळ्याला चढवू नका, आधी महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या.

प्रश्न: भाड्याने दिलेल्या दुकानाच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. तोडायला मन होत नाही, ठेवला तर भिंत जाईल.
(सांगलीवाडी)

उत्तर: बोटाएवढा आहे तोवरच काढा. पावसात भिंत ओली असताना भेगेतला चुना मोकळा करून मुळासकट ओढा, आणि नीट निघाला तर पिशवीत लावून नदीकाठच्या मोकळ्या जागेत किंवा देवळाच्या आवारात, इमारतीपासून लांब लावा, पिंपळ जगायला चिवट असतो. अ‍ॅसिड ओतू नका, त्याने भिंतीचा चुनाही विरघळतो. मूळ आत राहिलं असेल तर ते परत फुटेल, तेव्हा फुटलं की खुडायचं, असं दोन-तीन वेळा केलं की दम संपतो. भेग मात्र त्याच आठवड्यात भरून घ्या, जुनी चुन्याची भिंत असेल तर चुन्यानेच, कारण उंबर-पिंपळाची फळं खाऊन पाखरं त्याच कठड्यावर येऊन बसतात.